गुंड्याचं आतडं बाहेर आलंय: आत्ता काय करायचं आणि नंतर काय शोधायचं

मेलबर्नमधल्या एका ताईंनी आज सकाळी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलाने बिअर्डेड ड्रॅगन जातीचा सरडा पाळलाय. त्याचं नाव गुंड्या, वय दीड वर्ष, शेवटचं मोजलेलं वजन ३८० ग्रॅम. बारा दिवस शी झालेली नाही, पाच दिवस खाणं जवळजवळ बंद आहे आणि पोट ताठ लागतंय. काल दिवसभर तो शेपूट उचलून जोर लावत होता. आज सकाळी शेपटीच्या मुळाशी बोराएवढा लालभडक, ओला गोळा बाहेर लटकलेला दिसला. टँकमध्ये लाल वाळू आहे. काचेला चिकटवलेला थर्मामीटर ३४ अंश दाखवतो. एरंडेल द्यावं का आणि तो गोळा बोटाने आत ढकलावा का, असं त्या विचारतात.

ताई, दोन्ही करू नका. आजच, जमलं तर पुढच्या दोन-तीन तासांत, त्याला सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या डॉक्टरांकडे घेऊन जा. आधी फोन करा आणि फोनवर ‘प्रोलॅप्स’ (म्हणजे आतला अवयव बाहेर येणं) हा शब्द आवर्जून वापरा. ‘बद्धकोष्ठ झालंय’ म्हणाल तर परवाची वेळ मिळेल, ‘प्रोलॅप्स’ म्हणालात तर आजची मिळेल. नेहमीच्या दवाखान्यात सरडे पाहत नसतील तर कोण पाहतं ते त्यांनाच विचारा, त्यांना माहीत असतं. कोणीच मिळालं नाही तर चोवीस तास चालणाऱ्या इमर्जन्सी हॉस्पिटलला गाठा.

निघेपर्यंत एवढंच करा. गुंड्याला वाळूवरून उचला. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली ठेवा, पोटावर दाब येऊ देऊ नका. एका डब्यात किचन टॉवेलचे थर ओले करून घाला आणि त्यावर त्याला ठेवा. केमिस्टकडे डोळे धुवायच्या निर्जंतुक सलाइनच्या छोट्या कुप्या मिळतात, त्यातलं सलाइन गोळ्यावर ओतून चिकटलेली वाळू वाहू द्या. चोळू नका, पुसू नका. सलाइन नसेल तर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात दीड सपाट चहाचा चमचा मीठ विरघळवा, तेही चालतं. मग त्याच पाण्यात भिजवलेला गॉझचा तुकडा गोळ्यावर अलगद ठेवा आणि दर दहा मिनिटांनी पुन्हा ओला करा. पाण्यावर आधारलेली वंगण जेली घरात असेल तर तिचा पातळ थर लावा. हा गोळा सुकला की मरतो, म्हणून तो सतत ओला ठेवायचा.

गोळा फार सुजलेला असेल आणि दवाखाना तास-दीड तासावर असेल तर साधी साखर वापरता येते. ओल्या गॉझवर साखर पसरून ती बाजू गोळ्याला पंधरा-वीस मिनिटं लावून ठेवा. साखर सूज आलेल्या भागातलं पाणी ओढून घेते आणि गोळा लहान होतो. नंतर सलाइनने धुऊन टाका. हे मी इथे ऑस्ट्रेलियात शिकलो नाही. परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजमधून बाहेर पडल्यावर पहिली दोन वर्षं मी सांगली जिल्ह्यात गाई-म्हशी पाहत होतो. व्यायलेल्या म्हशीचं मायांग बाहेर आलं की आम्ही मालकाला पहिल्यांदा पाण्याची बादली आणि साखर आणायला सांगायचो. म्हैस सहाशे किलोची आणि गुंड्या चारशे ग्रॅमचाही नाही, पण सुजलेल्या पेशीतलं पाणी दोन्हीकडे एकाच नियमाने हलतं.

आता काय लावायचं नाही ते सांगतो, कारण आपल्या घरांत हात आपोआप तिकडेच जातो. हळद लावू नका, ती चिकटते आणि कोरडं करते. मूळव्याधीचं मलम नको. त्यात बऱ्याचदा बधिर करणारं औषध असतं आणि एवढ्या छोट्या प्राण्याला त्याची विषबाधा होऊ शकते. जंतुनाशक द्रव, खोबरेल, तूप यांतलं काहीच नको. तोंडातून एरंडेल किंवा पॅराफिनचं तेल तर अजिबात देऊ नका. पुढे वाट बंद असताना मागून जोर वाढवणारं औषध दिलं की आतडं आणखी बाहेर येतं. आणि जबरदस्तीने पाजलेलं तेल फुप्फुसात गेलं तर त्यातून होणारा न्यूमोनिया या मूळ दुखण्यापेक्षा घातक ठरतो. इसबगोलही नको. अंगात पाणी कमी असेल तर ते आत जाऊन गच्च बसतं.

बोटाने ढकलण्याबद्दलही स्पष्ट सांगतो. हे आतलं अस्तर ओल्या कागदासारखं फाटतं. शिवाय तो गोळा म्हणजे नेमका कोणता अवयव आहे, हे तुम्हाला फोटो पाहूनही सांगता येणार नाही, आणि कोणता अवयव आहे यावरच पुढचं सगळं ठरतं.

गाडीत हीटर चालू ठेवा. रबरी शेकपिशवी टॉवेलात गुंडाळून डब्याच्या एका बाजूला लावा, म्हणजे नको असेल तर त्याला सरकता येईल. टँकमधल्या बास्किंग दिव्याखाली (उन्हाऐवजी लावतात त्या गरम दिव्याखाली) ठेवू नका, गोळा मिनिटांत सुकेल. मुलाला सोबत न्या, त्याला घरी ठेवून जाऊ नका. आणि निघताना तीन गोष्टी घ्या: टँकचा फोटो, यूव्ही ट्यूबचा खोका किंवा त्यावरच्या अक्षरांचा फोटो, आणि शेवटची शी कुठे सुकलेली पडली असेल तर ती पिशवीत.

इथून पुढचं रात्री घरी आल्यावर वाचा.

सरड्याला गुद वेगळं, मूत्रमार्ग वेगळा, अंड्यांची वाट वेगळी असं नसतं. सगळ्या वाटा एकाच खोलीत उघडतात. आपल्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत तिला अवस्कर म्हटलंय, आम्ही डॉक्टर क्लोएका म्हणतो. त्यामुळे बाहेर आलेला गोळा चार प्रकारचा असू शकतो. क्लोएकाचीच भिंत उलटून आली असेल तर मेदूवड्यासारखं गोल कडं दिसतं. मोठं आतडं असेल तर नळी दिसते आणि तिच्या टोकाला भोक असतं. मादीची अंडनलिका असेल तर नळीवर लांबट वळ्या असतात. आणि नराला शेपटीच्या मुळात दोन बाजूंना दोन हेमिपेनिस, म्हणजे जननेंद्रियं, असतात. त्यातला एक बाहेर अडकला तर गोळा भरीव असतो, मधोमध भोक नसतं आणि तो मध्यातून न येता एका बाजूने येतो. हा फरक महत्त्वाचा आहे. हेमिपेनिस मेला असेल तर तो काढून टाकता येतो, कारण सरडा त्यातून लघवी करत नाही, आणि एक काढला तरी प्राणी धडधाकट जगतो. अंडनलिकाही शस्त्रक्रियेने काढता येते. आतडं मात्र असं छाटून टाकता येत नाही. म्हणून घरी कात्री किंवा दोरा वापरण्याचा विचारही करू नका, मग तो गोळा कितीही काळा दिसो.

दवाखान्यात गुंड्याला आधी भूल देतील. जागा असताना तो जोर लावत राहतो आणि आत सारलेलं पुन्हा बाहेर येतं. मग गोळा धुऊन, सूज उतरवून, ओल्या कॉटन बडने हळूहळू आत सारतील आणि वेंटच्या, म्हणजे क्लोएकाच्या बाहेरच्या फटीच्या, दोन्ही टोकांना एकेक टाका घालतील. मधली फट उघडी ठेवावी लागते, म्हणजे शी आणि पांढरा यूरेट (सरड्याच्या लघवीचा घट्ट भाग) बाहेर पडू शकतो. थैलीचं तोंड आवळावं तसा गोल टाका मी या प्राण्याला घालत नाही. टाके काही दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत ठेवतात. तरीही पुन्हा बाहेर आलं तर पोट उघडून आतडं आतल्या भिंतीला शिवावं लागतं.

माझ्या अनुभवातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला यानंतरची वाटते. बाहेर आलेला गोळा हा आजार नसतो. जोर लावून लावून तो बाहेर येतो. जोर का लावावा लागला, हे सापडेपर्यंत टाके टिकत नाहीत.

हे मी एका मादीकडून शिकलो. मेलबर्नमध्ये सरडे पाहायला लागून मला दुसरंच वर्ष होतं. गोळा छोटा होता, ताजा होता, सहज आत गेला. मी दोन टाके घातले आणि मालकीणबाईंना घरी पाठवलं. एक्स-रे काढला नाही, मला गरज वाटली नाही. चौथ्या दिवशी ती टाके फाडून परत आली आणि या वेळी बाहेर आलेलं सगळं काळं पडलं होतं. तेव्हा एक्स-रे काढला. पोटात सतरा अंडी होती आणि हाडं इतकी फिकी की फिल्मवर नीट उमटतही नव्हती. अंगात कॅल्शियम नाही, स्नायूंना आकसायला बळ नाही, अंडी सरकत नाहीत आणि ती बिचारी चार दिवस जोर लावतेय. ती वाचली नाही. नर नसतानाही मादी अंडी घालते, हे मला माहीत होतं. मी विचारलं नव्हतं, एवढंच. तेव्हापासून प्रोलॅप्स आला की मी एक्स-रे, शीची तपासणी आणि रक्तातलं कॅल्शियम या तीन गोष्टींशिवाय प्राणी घरी पाठवत नाही. तुमच्या डॉक्टरांनी हे सुचवलं तर खर्च वाढतोय असं समजू नका. त्यांनी सुचवलं नाही तर तुम्ही विचारा.

गुंड्याच्या बाबतीत माझा पहिला संशय उष्णतेवर आहे. तुम्ही वाळूचं नाव आधी घेतलंत, सगळेच घेतात. पण हा प्राणी मूळचा वाळू आणि मातीतलाच आहे. आपल्याच व्हिक्टोरिया राज्यात मिल्ड्युराच्या बाजूला किंवा सीमेपलीकडे ब्रोकन हिलकडे गाडीने गेलात तर कुंपणाच्या खांबावर ऊन खात बसलेले दिसतील. शिकार करताना त्यांच्याही तोंडात माती जाते आणि ती शीतून बाहेर पडते, कारण त्यांचं अंग तापलेलं असतं. बिअर्डेड ड्रॅगनला स्वतःची उष्णता बनवता येत नाही. ३५ अंशांच्या आसपास अंग तापलं की त्याचं पचन नीट चालतं. तेवढं तापलं नाही तर अन्न पोटात नुसतं पडून राहतं, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि उरतो तो कडक गोळा. त्यात वाळू मिसळली की सिमेंट होतं.

काचेला चिकटवलेला थर्मामीटर काचेजवळच्या हवेचं तापमान सांगतो. गुंड्या ज्या दगडावर बसतो त्या दगडाचं सांगत नाही. स्वयंपाकघरात तव्याचं तापमान मोजायला वापरतात तसा इन्फ्रारेड थर्मामीटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो आणा आणि बास्किंगच्या जागेवर रोखा. तिथे ३८ ते ४२ अंश हवेत. थंड बाजूला २४ ते २८. रात्री २० च्या आसपास चालतं, पण जुलैतल्या मेलबर्नच्या रात्री हीटर बंद केलेल्या खोलीत टँक १२-१३ पर्यंत उतरतो, मग सकाळचे अर्धे तास नुसते गार अंग तापवण्यात जातात. दिवा वाढवायचा किंवा दगड दिव्याच्या जवळ आणायचा, आणि तो उडी मारूनही दिव्याला टेकणार नाही एवढं अंतर राखायचं. रात्रीसाठी प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावायचा. गरम दगड म्हणून विकतात तो विजेचा दगड मात्र घेऊ नका, त्याने पोट भाजलेले सरडे मी पाहिलेत.

दुसरा संशय यूव्ही ट्यूबवर. हा प्राणी कातडीत ड जीवनसत्त्व तयार करतो आणि त्यासाठी त्याला यूव्हीबी किरण लागतात. ड नाही तर खाल्लेलं कॅल्शियम रक्तात जात नाही. आणि आतड्याची भिंत हाही स्नायूच आहे, कॅल्शियम कमी पडलं की तीही ढिली पडते. त्यामुळे कॅल्शियमची पूड रोज भुरभुरवूनही उपयोग होत नाही, हे अनेकांना कळत नाही. ट्यूब सरळ लांब टी-५ प्रकारची, दहा-बारा टक्के यूव्हीबीची हवी. पिळाच्या बल्बवर माझा विश्वास नाही. ट्यूब प्रकाश देत राहते पण तिचे किरण कमी होत जातात, म्हणून वर्षाने बदलायची. आणि खिडकीतून ऊन येतं म्हणून निवांत राहू नका, साध्या काचेतून यूव्हीबी येत नाही.

खाण्याबद्दल तुम्ही लिहिलंय की तो पालक, राजगिऱ्याचा पाला आणि मीलवर्म खातो. दीड वर्षाच्या ड्रॅगनच्या ताटात तीन चतुर्थांश पाला-भाजी आणि उरलेले किडे हवेत. लहानपणी हे प्रमाण उलटं असतं आणि बरेच जण पुढेही तेच चालू ठेवतात. पालक, माठ, राजगिरा या आपल्या आवडत्या भाज्यांत ऑक्झॅलेट भरपूर असतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. कधीमधी चालतं, रोज नको. त्याऐवजी बोक चॉय, एंडाइव्ह, डँडेलायनची पानं, किसलेला लाल भोपळा द्या, थोडी मेथी आणि कोथिंबीरही चालते. भाजी धुतल्यावर निथळू नका, ओलीच वाढा. हे वाळवंटातले प्राणी भांड्यातलं पाणी क्वचितच पितात, पानावरचं पाणी त्यांच्या पोटात जातं. मीलवर्मचं कवच कडक असतं. त्यांच्याऐवजी झुरळांच्या पाळीव जाती, रातकिडे, मिळाले तर रेशमाचे किडे द्या. त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा देऊ नका.

शीच्या तपासणीत जंत किंवा कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) निघाले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. थोडेफार बहुतेकांत असतात. संख्या वाढली की मात्र आतडं सुजतं आणि प्राणी रिकाम्या पोटीही जोर लावत राहतो. औषध डॉक्टरच देतील, वजनावरून.

आता वाळू. उष्णता, किरण, पाणी ठीक असेल तर निरोगी मोठ्या ड्रॅगनला थोडी वाळू सोसते, असं माझं मत आहे. पण आजारी आणि टाके घातलेल्या प्राण्याला नाही, आणि पिल्लांना तर कधीच नाही. कॅल्शियमची म्हणून विकतात ती वाळू आणि अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मी कोणालाच वापरू देत नाही. पहिली चवीला लागते म्हणून प्राणी मुद्दाम चाटतो, दुसरा पोटात टोचतो. तुमचा टँक आज रिकामा करा आणि किचन टॉवेल घाला. कागदावर शी झाली की नाही, कशी झाली, रक्त आहे का, हे सगळं लगेच दिसतं. पुढचे दोन महिने तरी कागदच ठेवा.

गोळा बाहेर आलेला नाही पण शी थांबलेली आहे, अशा वेळी काय करायचं, तेही लिहितो, कारण आजच्या आधीचे बारा दिवस तुमच्याकडे होते आणि पुढे कधी पुन्हा असतील. आधी दगडाचं तापमान मोजायचं. पुन्हा सांगतो, आधी तेच. मग ३२ ते ३५ अंशांच्या कोमट पाण्यात, पाणी त्याच्या कोपरांपर्यंतच ठेवून, पंधरा-वीस मिनिटं. तुम्ही सगळा वेळ शेजारी बसायचं. पाण्यात दोन बोटांनी पोटावरून छातीकडून शेपटीकडे पीस फिरवल्यासारखा हात फिरवायचा. दाबायचं नाही. नंतर पुसून लगेच दिव्याखाली. लाल भोपळा उकडून, पातळ करून, ओठांच्या कडेला थेंब लावायचा, त्याने चाटला तरच पुढचा. बऱ्याच जणांची दोन दिवसांत शी होते. मोठा ड्रॅगन आठवड्यातून एकदा शी करत असेल तर तेही नॉर्मल असू शकतं, आणि थंडीत कित्येक जण आठवडेच्या आठवडे झोपून काढतात. तेव्हा ना खाणं, ना शी, आणि तरी प्राणी ठीक असतो. फरक वजनात आणि वागण्यात कळतो. झोपणाऱ्याचं वजन जवळजवळ तेवढंच राहतं, पोट मऊ असतं, तो जोर लावत नाही. जोर लावणं, पोट ताठ होणं, गळ्याखालची दाढी काळी पडून तशीच राहणं, खाल्लेलं उलटून पडणं किंवा मागचे पाय ओढत चालणं, यातलं एकही दिसलं तर आंघोळ घालत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

शी करताना क्षणभर थोडा गुलाबी भाग बाहेर डोकावून आपोआप आत गेला, तर घाबरू नका, पण तारीख लिहून ठेवा. दुसऱ्यांदा झालं तर दाखवा.

पुण्या-मुंबईत किंवा पणजीत ड्रॅगन पाळणाऱ्यांसाठी एवढंच, की तिथे बाहेर उकडतंय म्हणून दिवा लागत नाही हा समज चुकीचा आहे. ३२ अंशांच्या दमट खोलीत, आणि त्याहून एसीच्या खोलीत, बास्किंगचे ४० अंश आपोआप मिळत नाहीत.

ताई, तुम्ही शेवटी लिहिलंय की मुलगा विचारतोय, ‘गुंड्या वाचेल का?’ गोळा लाल किंवा गुलाबी आणि ओला असेल, काही तासांतला असेल, तर बहुतेकदा वाचतो. जांभळा-काळा झाला असेल आणि ते आतडं असेल, तर शस्त्रक्रिया मोठी आहे आणि कधीकधी त्याला वेदनेतून शांतपणे मोकळं करणंच बरोबर ठरतं. डॉक्टर जे सांगतील ते मुलाला खरं सांगा. त्याची चूक नाही हेही सांगा. चिकटवायचा थर्मामीटर त्याने बनवलेला नाही.

गुंड्या घरी आला की पहिले दोन-तीन दिवस किडे बंद, डॉक्टर सांगतील तेवढंच पातळ खाणं, आणि दिवसातून दोनदा वेंट पाहायचं. टाक्यांच्या मधून पांढरा यूरेट बाहेर पडतोय ना, एवढं बघा. तो मऊ, खडूच्या पेस्टसारखा हवा. पिवळट आणि खडखडीत असेल तर पाणी कमी पडतंय. रोज सकाळी, खाण्याआधी, स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर वजन करून मुलाला वहीत लिहायला सांगा. पाच दिवसांत शी झाली नाही, किंवा तो पुन्हा शेपूट उचलून जोर लावायला लागला, तर टाके काढायच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच फोन करा. आणि शी झाली, ती कशीही असो, तर टाकून द्यायच्या आधी कागदासकट तिचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवा. मलाही पाठवा.